बोनस परत करावा लागतो तेव्हा: खेळाडू, करार आणि वसुली यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या खेळाडूनं अचानक निवृत्ती जाहीर केली किंवा संघ सोडला, की तेच प्रश्न पुन्हा येतात. दिलेला बोनस परत घेणं न्याय्य आहे का, किती घेता येतो, कोण ठरवतं. बरेचसे प्रश्न अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगबद्दल म्हणजे एनएफएलबद्दल असतात. ते स्वाभाविक आहे, कारण या वादांचे सर्वांत स्पष्ट निकाल तिथेच लागले. काही प्रश्न युरोपातल्या फुटबॉलबद्दल असतात आणि अलीकडे आयपीएलबद्दलही येऊ लागलेत. आधी पायाभूत प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे नंतर.

१. सायनिंग बोनस म्हणजे नक्की काय? तो पगारातूनच वळता होतो का?

नाही. करारावर सही केल्याबद्दल पगाराच्या वर मिळणारी ही ठोक रक्कम असते. ती एकरकमी किंवा थोड्या हप्त्यांत, बहुधा पहिल्याच वर्षी हातात पडते. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुकादम देतो ती उचल आपल्या ओळखीची आहे. पैसे आधी, काम नंतर, हे दोन्हींत सारखं. पण उचल पुढे मजुरीतून कापली जाते, सायनिंग बोनस कापला जात नाही. करार पूर्ण केला तर तो संपूर्ण खेळाडूचा.

एनएफएलमध्ये या रकमेला एवढं महत्त्व का, हेही इथेच सांगतो. तिथे करार पाच-सहा वर्षांचा असला तरी पुढच्या वर्षांचा पगार बहुतेक वेळा हमीचा नसतो. संघ खेळाडूला मध्येच काढू शकतो आणि उरलेला पगार बुडतो. त्यामुळे सहीच्या वेळी मिळालेले पैसे हीच खेळाडूची खरी हमी. म्हणून त्यावरची भांडणंही तितकीच कडवी होतात.

२. एकदा दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क संघाला येतो कुठून?

करारातून. सायनिंग बोनसच्या कलमात बहुधा असं लिहिलेलं असतं की खेळाडू आपणहून खेळणं थांबवेल, सरावाला येणार नाही किंवा स्वतःच्या कृत्यामुळे खेळण्यास अनुपलब्ध होईल, तर बोनसचा न मिळवलेला हिस्सा परत द्यावा लागेल. एनएफएलमध्ये त्याच्या वर खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातला सामूहिक करार असतो. कुठल्या प्रकारच्या भंगाला किती परतावा, याची कमाल मर्यादा तो ठरवतो. एखाद्या संघानं त्याहून जाचक अट करारात घातली तरी ती टिकत नाही.

वाद झाला तर तो सहसा थेट न्यायालयात न जाता लवादापुढे जातो. लवादाचा निकाल न्यायालयं सहजी बदलत नाहीत. अपवाद प्रश्न ७ मध्ये आहे.

३. संघानंच खेळाडूला काढलं तर बोनस परत द्यावा लागतो का?

खेळ खालावला, वय झालं, संघाला पैसे वाचवायचे होते, अशा कारणांनी काढलं तर नाही. करार संघानं संपवला, खेळाडूनं मोडला नाही. खेळाडूच्या गैरवर्तनामुळे काढलं असेल तर गोष्ट वेगळी. ती प्रश्न १३ मध्ये पाहा.

४. परतावा पूर्ण रकमेचा असतो का? हिशेब कसा करतात?

पूर्ण रकमेचा क्वचितच. मूळ तत्त्व सोपं आहे. बोनस कराराच्या वर्षांवर समान वाटायचा. जेवढे हंगाम खेळून झाले तेवढा हिस्सा खेळाडूनं मिळवला, उरलेल्या हंगामांचा हिस्सा परत मागता येतो. पाच वर्षांच्या करारावर १ कोटी डॉलर मिळाले आणि तीन हंगाम खेळून खेळाडू थांबला, तर वाद फक्त ४० लाखांचा.

बॅरी सँडर्सचं प्रकरण यासाठी आवर्जून समजून घ्यावं. डेट्रॉइट लायन्सचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. १९९७ मध्ये त्यानं सहा वर्षांचा करार केला आणि १ कोटी १० लाख डॉलरचा सायनिंग बोनस घेतला. दोन हंगाम खेळला. जुलै १९९९ मध्ये, सराव शिबिर तोंडावर असताना, आपल्या गावच्या विचिटातल्या वर्तमानपत्राला फॅक्स करून त्यानं निवृत्ती कळवली. वॉल्टर पेटनचा चेंडू घेऊन कारकिर्दीत १६,७२६ यार्ड धावण्याचा विक्रम तेव्हा त्याच्यापासून १,४५७ यार्ड दूर होता. तंदुरुस्त होता, पण हरत राहणाऱ्या संघात खेळण्याची इच्छा संपली होती. लायन्सनी बोनसचा परतावा मागितला. मला दुसऱ्या संघाकडे जाऊ द्या किंवा मोकळं करा, मग पैसे देतो, असं सँडर्सचं म्हणणं होतं. लायन्स त्याला सोडायला तयार नव्हते.

फेब्रुवारी २००० मध्ये लवादानं निकाल दिला. बोनसचा एक षष्ठांश म्हणजे सुमारे १८ लाख ३३ हजार डॉलर ताबडतोब परत, आणि पुढच्या वर्षांचे तेवढेच हिस्से त्या-त्या वर्षी तो निवृत्त राहिला तर. या निकालातली मला सर्वांत न्याय्य वाटणारी गोष्ट हीच. न घडलेल्या वर्षांचे पैसे लवादानं एकदम ओढून घेतले नाहीत. खेळाडू उद्या परत येऊ शकतो, हे त्यानं धरलं.

५. पण निवृत्ती हा माणसाचा हक्क आहे. तो करारभंग कसा?

निवृत्त होण्यापासून कुणी अडवू शकत नाही. न्यायालयही कुणाला जबरदस्तीनं मैदानात उतरवत नाही. परताव्याचं कलम निवृत्तीला शिक्षा देत नाही, पुढच्या हंगामांसाठी घेतलेले पैसे तेवढे परत मागतं. दंड आणि परतावा यांतला फरक पक्का ध्यानात ठेवला की अर्धे गैरसमज सुटतात.

तरी प्रश्नामागचा सल मला पटतो. या खेळात डोक्याला, गुडघ्याला, पाठीला मार बसतो. 'आता पुरे' म्हणणारा माणूस अनेकदा आळशी नसतो, थकलेला असतो. कलमाला तो फरक दिसत नाही. तो पाहायचा की नाही हे संघाच्या हातात राहतं, आणि त्याबद्दलच पुढचा प्रश्न आहे.

६. अँड्र्यू लकला सगळे पैसे ठेवू दिले, मग कॅल्विन जॉन्सनकडून का घेतले?

कारण वसुली हा संघाचा हक्क असतो, बंधन नव्हे. इंडियानापोलिस कोल्ट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, अँड्र्यू लक ऑगस्ट २०१९ मध्ये, हंगाम सुरू व्हायला दोन आठवडे असताना, वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्त झाला. वर्षानुवर्षं दुखापती आणि उपचार यांच्या फेऱ्यांनी तो खचला होता. संघाला सुमारे २ कोटी ४८ लाख डॉलर मागता आले असते. त्यांनी मागितले नाहीत.

कॅल्विन जॉन्सन २०१६ मध्ये लायन्समधून निवृत्त झाला. नऊ हंगाम एकाच संघासाठी खेळला, त्याचंही शरीर झिजलं होतं. लायन्सनी किमान १० लाख डॉलर परत घेतले. जॉन्सननं याबद्दलची नाराजी कधी लपवली नाही आणि पुढे कित्येक वर्षं तो संघापासून दूर राहिला. २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हाही हा विषय निघालाच. सँडर्सनंतर त्याच संघानं आपल्या दुसऱ्या महान खेळाडूशी असं वागावं, हे मला आजही समजत नाही. कागदावर संघ बरोबर होता. पण दहा-वीस लाख डॉलर ही अशा संघाच्या ताळेबंदात किरकोळ रक्कम आहे, आणि तिच्यासाठी जे नातं गेलं ते जोडायला वर्षं लागली.

यात हिशेबाचीही एक बाजू आहे. प्रत्येक संघाला खेळाडूंवर किती खर्च करायचा याची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, असते. बोनस हातात लगेच दिला तरी या मर्यादेत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर वाटून धरतात. खेळाडू मध्येच गेला की उरलेला बोजा लवकर अंगावर येतो. परतावा मिळाला तर मर्यादेत तेवढी सूट मिळते. म्हणून कधीकधी संघ पैशांसाठी नव्हे, त्या सवलतीसाठी अडून बसतो.

७. सायनिंग बोनस, रोस्टर बोनस, कामगिरीचा बोनस: परताव्याला सगळे सारखेच का?

मुळीच नाहीत, आणि कोट्यवधी डॉलर या फरकावर फिरलेत. रोस्टर बोनस म्हणजे ठरलेल्या तारखेला खेळाडू संघाच्या यादीत असला की मिळणारी रक्कम. कामगिरीचा बोनस यार्ड, गोल, सामने अशा निकषांवर मिळतो. मग प्रश्न उभा राहतो: ती तारीख उलटली, निकष पूर्ण झाला, त्या क्षणी पैसे कायमचे मिळवले गेले की ते पुढच्या वर्षांसाठीही होते?

अटलांटा फाल्कन्सचा क्वार्टरबॅक मायकेल व्हिक २००७ मध्ये कुत्र्यांच्या झुंजींच्या गुन्ह्यात दोषी ठरून तुरुंगात गेला. त्याला २००४ च्या करारातून ३ कोटी ७० लाख डॉलरचे बोनस मिळाले होते. लवादानं सांगितलं, जवळपास २ कोटी परत द्या. पण फेब्रुवारी २००८ मध्ये मिनेसोटातले संघराज्य न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी हा निकाल बराचसा फिरवला. रोस्टर बोनसचे १ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलर व्हिकनं आधीच मिळवले आहेत, ते परत मागता येणार नाहीत, असं त्यांनी ठरवलं. वरच्या न्यायालयानंही ते कायम ठेवलं. गुन्हा घृणास्पद होता. तरीही मला हा निकाल योग्य वाटतो, कारण करारभंगाचा हिशेब कराराच्या शब्दांवर व्हायला हवा, गुन्ह्याबद्दलच्या संतापावर नव्हे. गुन्ह्याची शिक्षा त्याला फौजदारी न्यायालयानं दिलीच होती. २०११ च्या सामूहिक करारात परताव्याचा हा भाग दोन्ही बाजूंनी नव्यानं आणि अधिक तपशिलानं लिहिला.

८. म्हणजे कामगिरीवर मिळवलेले पैसे तरी सुरक्षित असतात ना?

रिकी विल्यम्सला तसंच वाटलं असेल. मायामी डॉल्फिन्सचा हा रनिंग बॅक २००४ च्या हंगामाआधी निवृत्त झाला. लवादानं त्याला सुमारे ८६ लाख डॉलर परत द्यायला सांगितले. त्यात सायनिंग बोनसचा हिस्सा होताच, पण २००२ आणि २००३ मध्ये प्रत्यक्ष खेळून मिळवलेल्या कामगिरीच्या बोनसचे ५३ लाखही होते. कारण? करार मोडला तर हेही परत द्यावे लागतील, असं त्याच्या करारात स्पष्ट लिहिलेलं होतं आणि त्यानं सही केली होती. घाम गाळून मिळवलेले पैसे असे जावेत हे मला अन्यायाचं वाटतं. पण कलमाबद्दल संदिग्धता नव्हती.

९. दुखापत झाली आणि खेळता आलं नाही, तर?

खेळताना किंवा सरावात झालेली दुखापत करारभंग नसते. त्यासाठी कुणी बोनस परत मागू शकत नाही. अडचण मैदानाबाहेरच्या दुखापतींची. बहुतेक करारांत मोटारसायकल, स्काय डायव्हिंग, बर्फावरचं स्कीइंग असे धोके टाळण्याची अट असते. शिकागो बुल्सचा बास्केटबॉलपटू जे विल्यम्स २००३ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गंभीर जखमी झाला. त्याच्या करारात मोटारसायकलला मनाई होती, त्यामुळे संघावर पुढचे पैसे देण्याचं बंधन उरलं नव्हतं. तरीही बुल्सनी त्याला मोकळं करताना ३० लाख डॉलर दिले. लकच्या गोष्टीसारखीच ही संघाची मर्जी होती, खेळाडूचा हक्क नव्हे.

१०. पगारवाढीसाठी अडून बसलेला खेळाडू सराव शिबिराला आला नाही तर?

करार चालू असेल तर दंडही होतो आणि त्या वर्षाच्या बोनसच्या हिश्श्याचा काही भागही जाऊ शकतो. जितके दिवस गैरहजर, तितका अधिक.

पण करारावर सहीच केलेली नसेल तर मोडायला करारच नाही. लेव्हियन बेलनं २०१८ मध्ये हेच केलं. पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याला एका वर्षासाठी राखून ठेवलं होतं, त्यानं सही केली नाही आणि पूर्ण हंगाम घरी बसला. सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलरची कमाई सोडली, मात्र परत काहीच द्यावं लागलं नाही. 'कमाई सोडणं' आणि 'परत देणं' या बातम्यांत नेहमी सरमिसळ होते, म्हणून हा दाखला.

११. बोनस एका संघानं दिला आणि खेळाडू दुसऱ्या संघाकडे गेल्यावर थांबला. पैसे कुणाला?

ज्या संघाकडे करार आहे त्याला. ऐकायला विचित्र वाटतं. क्वार्टरबॅक जेक प्लमरला डेन्व्हर ब्रॉन्कोसनी २००७ मध्ये टँपा बे बकनिअर्सकडे पाठवलं. तो गेलाच नाही, निवृत्त झाला. बोनस डेन्व्हरनं दिला होता, परतावा टँपा बेनं मागितला आणि लवादानं प्लमरला सुमारे ३५ लाख डॉलर द्यायला लावले. करार हस्तांतरित होतो तेव्हा त्यातले हक्कही बरोबर जातात. कायद्याचं तर्कशास्त्र समजतं. पण ज्यानं दमडी दिली नाही त्यानं वसुली करावी, हे मला पचत नाही.

१२. दुसरा खेळ खेळायला करार सोडला तर?

कायलर मरीचं उदाहरण या बाबतीत नमुनेदार आहे. २०१८ मध्ये ओकलंड अॅथलेटिक्स या बेसबॉल संघानं त्याला निवडलं. ठरलेला बोनस ४६ लाख ६० हजार डॉलर, त्यातले १५ लाख हातात आले होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यानं फुटबॉल निवडला. हातातल्यांपैकी १२ लाख ९० हजार परत केले, उरलेले ३१ लाख ६० हजार सोडले. लवाद नाही, खटला नाही. करारात आधीच सगळं स्वच्छ ठरलेलं असलं की असं होतं.

१३. युरोपातल्या फुटबॉलमध्येही असंच चालतं का?

तिथली चौकट वेगळी. क्लब आणि खेळाडू यांचे वाद फिफाच्या यंत्रणेपुढे, नंतर लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयापुढे किंवा त्या देशाच्या कामगार न्यायालयात जातात.

बोनसचा सर्वांत गाजलेला वाद नेमारचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यानं बार्सिलोनाशी २०२१ पर्यंतचा करार केला, नूतनीकरणाचा मोठा बोनस ठरला. ऑगस्ट २०१७ मध्ये २२ कोटी २० लाख युरो भरून पॅरिस सेंट जर्मेननं त्याला नेलं. त्यानं बोनसची थकलेली रक्कम मागितली, क्लबनं दिलेली परत मागितली. जून २०२० मध्ये बार्सिलोनातल्या कामगार न्यायालयानं नेमारची मागणी फेटाळली आणि त्यालाच सुमारे ६७ लाख युरो द्यायला सांगितले. २०२१ मध्ये दोघांनी सगळे दावे आपसांत मिटवले. करारातून सुटण्याची किंमत भरली म्हणजे बोनसचा हिशेबही मिटला असं नसतं, एवढं यातून दिसतं.

रुमानियाचा फुटबॉलपटू एड्रियन मुतू याचं प्रकरण आणखी कठोर. चेल्सीनं २००३ मध्ये त्याला २ कोटी २५ लाख युरोंना विकत घेतलं. पुढच्या वर्षी चाचणीत कोकेन सापडलं आणि क्लबनं त्याला काढलं. काढलं क्लबनं, तरी भंग खेळाडूचा, असं ठरलं. बोनस नव्हे, तर हस्तांतर शुल्काचा वाया गेलेला हिस्सा म्हणून त्याला १ कोटी ७१ लाख ७३ हजार ९९० युरोंची भरपाई लावली गेली. क्रीडा लवाद, स्वित्झर्लंडचं सर्वोच्च न्यायालय आणि २०१८ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालय, कुठेही त्याला दिलासा मिळाला नाही. जे पैसे मुळात त्याच्या खिशात कधी आलेच नव्हते ते त्यानं भरायचे होते. परताव्याचं तत्त्व इथे फार मागे राहतं.

भरपाईची ही पद्धत आता बदलते आहे. फ्रेंच फुटबॉलपटू लासाना दियाराच्या खटल्यात ४ ऑक्टोबर २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं फिफाचे काही नियम युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले. त्यानंतर फिफानं ते तात्पुरते बदललेत.

१४. खेळाडूकडे पैसेच उरले नसतील तर?

मग तो इतर कर्जदारांसारखाच एक कर्जदार. व्हिकनं २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. प्रश्न ७ मधल्या निकालानंतरही उरलेले वाद फाल्कन्सनी पुढच्या वर्षी ६५ लाख डॉलरवर मिटवले.

पैसे दिले नाहीत म्हणून खेळायलाच कायमची बंदी घालता येत नाही. ब्राझीलचा मातुझालेम २००७ मध्ये युक्रेनचा शाख्तार दोनेत्स्क क्लब सोडून गेला, त्याच्यावर १ कोटी १८ लाख युरोंहून अधिक भरपाई बसली. ती भरली नाही म्हणून फुटबॉलमधून बंदीची वेळ आली, तेव्हा २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. कर्ज फेडण्यासाठी माणसाला त्याच्या एकमेव धंद्यातून हाकलणं हे व्यक्तिस्वातंत्र्यावरचं अतिरेकी आक्रमण आहे, असं त्या निकालाचं सार. इतका चांगला निकाल या क्षेत्रात क्वचित लागतो.

१५. आयपीएलमध्ये खेळाडू ऐनवेळी माघार घेतात. ते पैसे परत करतात का?

लिलावातली बोली म्हणजे सायनिंग बोनस नव्हे, ते हंगामाचं मानधन. खेळायला आलाच नाही तर ते मिळत नाही, त्यामुळे परताव्याचा प्रश्न बहुधा उद्भवत नाही. संघाचं नुकसान वेगळं असतं: लिलावातली जागा आणि आखलेली योजना वाया जाते. म्हणून २०२५ च्या हंगामापासून परदेशी खेळाडूंसाठी नियम आला. बोली लागल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन हंगामांची बंदी. दिल्ली कॅपिटल्सनं ६ कोटी २५ लाखांना घेतलेल्या हॅरी ब्रूकनं मार्च २०२५ मध्ये माघार घेतली आणि त्याच्यावर ती लागू झाली.

१६. बोनसवर भरलेल्या कराचं काय?

खेळाडूंना सर्वांत उशिरा सुचणारा प्रश्न. १० लाखांचा बोनस मिळाला, त्यावर कर गेला, हातात सहा उरले, आणि तीन वर्षांनी परतावा मूळ रकमेवर मागितला गेला. अमेरिकेच्या करकायद्यात आधी उत्पन्न म्हणून धरलेली मोठी रक्कम परत केली तर त्या वर्षी वजावट किंवा कराचं श्रेय घेता येतं. पण पैसे आधी द्यावे लागतात, सवलत मागाहून मिळते.

१७. मला कंपनीनं जॉइनिंग बोनस दिला होता. वर्षाच्या आत सोडलं तर सगळा परत मागतात. खेळाडूंचे नियम मला लागू होतात का?

थेट नाही. तुमच्यामागे एनएफएलसारखा सामूहिक करार नसतो. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ पाहावं लागतं. करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी तेवढीच मिळते. दुसऱ्या बाजूनं, ठरावीक काळाआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याची अट मुळातच बेकायदा आहे असंही नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत राजीनामा दिल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली.

तुमच्या पत्रात परतावा 'पूर्ण' असा आहे की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, हे आधी बघा. प्रमाणात नसेल तर सही करण्यापूर्वी तसं लिहून मागा. बहुतेक ठिकाणी कुणी मागतच नाही म्हणून ते लिहिलेलं नसतं. कंपनीनं काढून टाकलं तरी परतावा लागू होतो का, हेही त्याच कलमात वाचा. आणि रक्कम कर कापण्याआधीची मागणार की हातात पडलेली, हे ई-मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.